अहिरे काकांना दिलेली मोकळी तार

मोतीराम अहिरे आमच्या तालमीला पहिल्यांदा आले ते तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, पावणेनऊला. आमची तालीम नऊची असते, म्हणजे साडेनऊपर्यंत माणसं जमत असतात. त्यामुळे शाळेच्या हॉलच्या पायरीवर कुणी आधीच बसलेलं पाहून मला तो वॉचमनचा पाहुणा वाटला. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, पायात रेल्वेतले काळे बूट आणि मांडीवर ताडपत्रीच्या कापडाची, हातानं शिवलेली व्हायोलिनची पिशवी.

"मौले सर आपणच ना?" ते उठून उभे राहिले. "मी मनमाडहून आलो. पंचवटी एक्सप्रेसनं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला घेता का, विचारायला."

मी ज्ञानेश मौले. गंगापूर रोडवरच्या एका शाळेत संगीत शिकवतो. माझे वडील गोटीराम मौले मखमलाबादला गुलाब आणि झेंडू पिकवायचे. शनिवारी एका चर्चला फुलं पोहोचवायला मी त्यांच्याबरोबर जायचो, तिथं मला पियानो भेटला आणि पियानो शिकवणाऱ्या बाईही भेटल्या. पुढं व्हायोलिन आलं. दहा वर्षांपूर्वी मी नाशकात तारवाद्यांचा एक लहानसा वाद्यवृंद जमवला. चौदा माणसं. दोघं ओझरच्या कारखान्यातले, एक सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला सुपरवायझर, काही कॉलेजची मुलं, आणि सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर डॉक्टर सृष्टी, दातांची डॉक्टर, आमच्यातली सगळ्यांत चांगली वाजवणारी. कुणी पोटासाठी वाजवत नाही.

अहिरे काका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. रेल्वेत सिग्नल मेंटेनर म्हणून लागले आणि रेल्वेतूनच निवृत्त झाले. विशीत असताना मनमाडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरनं त्यांना व्हायोलिन शिकवलं. तो ड्रायव्हर ड्युटीवरून आला की अंघोळ करून, कोट घालून शिकवायला बसायचा. काकांना नोटेशन वाचता यायचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त चांगलं. मी त्यांना दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसवलं.

दोन महिन्यांनी मी सहज म्हणालो की आपल्याकडं व्हायोला वाजवणारं कुणीच नाही. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. आकारानं मोठा, आवाजानं खालचा. तो कुणाला नको असतो, कारण त्याला मिरवायला फारसं मिळत नाही आणि त्याची नोटेशनची लिपीही वेगळी, ती नव्यानं शिकावी लागते. सगळे खाली बघू लागले. मागून काका म्हणाले, "मी बघू का?"

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते नवी लिपी वाचायला लागले होते. दर रविवारी सहाच्या सुमाराची गाडी, नाशिकरोडहून सिटी बस, पावणेनऊला पायरीवर. एकदाही चुकले नाहीत. एकदा गाडी नव्हती तर मनमाडहून एसटीनं चांदवडमार्गे आले आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून सगळ्यांची माफी मागितली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढं जे झालं ते माझ्या वेडापायी झालं.

मला एक छंद आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात, ज्याला रोमँटिक काळ म्हणतात त्या काळात, पियानोसाठी फार सुंदर लहान लहान तुकडे लिहिले गेले. एकट्या माणसानं एकट्या खोलीत वाजवायचे. मी ते तारवाद्यांच्या वृंदासाठी बसवून घेतो. ऐकायला सोपं वाटतं. दहा बोटांतला कुठला स्वर कुणाला द्यायचा, एवढंच तर आहे. पण पियानोच्या पायाशी एक पेडल असतं. ते दाबलं की बोट उचललं तरी स्वर रेंगाळत राहतो, एकावर एक साचत जातो आणि त्या साचण्यातच त्या संगीताचा जीव असतो. तारवाद्याला पेडल नसतं. गज थांबला की स्वर थांबला. म्हणून ते रेंगाळणं कुणाला तरी वाजवायला द्यावं लागतं. कुणाचा गज स्वर धरून ठेवणार आणि कुणाचा पुढं जाणार, हे ठरवण्यात माझे महिनेच्या महिने जातात. शाळेतून आलो की मी त्याच कामाला बसतो. मनीषा, माझी बायको, म्हणते की तू जेवताना पण डाव्या हातानं टेबल वाजवतोस.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी असाच एक तुकडा घेतला. पाच मिनिटांचा, हळू चालीचा. त्यात एक गंमत होती. मुख्य सुरावट वर नव्हती, खालीही नव्हती. ती मधे लपलेली होती, दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये वाटलेली, वरून-खालून पांघरूण घातल्यासारखी. ती सुरावट कुणाची हे विचारायचीच गरज नव्हती. तो मधला, थोडा घोगरा आवाज व्हायोलाचाच.

जूनमध्ये पहिला कच्चा मसुदा तयार झाला तेव्हा मी व्हायोलाच्या कागदावर पेन्सिलीनं 'अहिरे काका' असं लिहिलं, झेरॉक्स काढली आणि तालीम संपल्यावर त्यांना दिली.

"मुख्य सुरावट तुमची आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा लावला. कागद उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत. मग म्हणाले, "सगळी?"

"सगळी."

"बरं," ते म्हणाले. कागद त्यांनी वहीत ठेवला, वही पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी बांधली आणि मग पुन्हा सोडून कागद नीट बसलाय का ते पाहिलं.

ऑगस्टमध्ये आम्हाला एक बोलावणं आलं. डिसेंबरात शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम होता. मुंबई-पुण्याचे वृंद येणार होते आणि यजमान गावाचा म्हणून आमचाही वीस मिनिटांचा भाग. चित्रीकरण होणार होतं. आम्ही आजवर शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि एका लग्नात वाजवलेलं. सगळे एकदम ताठ झाले. लोक नऊ म्हणजे नऊला येऊ लागले. आधी जुने तुकडे पक्के करू, माझा नवा तुकडा दिवाळीनंतर घेऊ, असं ठरलं.

आणि वृंद नीट वाजायला लागला तसं जे आधी कळत नव्हतं ते कळायला लागलं. अहिरे काकांचा सूर उतरत होता. म्हणजे जिथं असायला हवा त्याच्या किंचित खाली. काही वेळा किंचितहून जास्त. त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला होता आणि डावाही पूर्वीसारखा राहिला नव्हता. उमेदीची सगळी वर्षं इंजिनांच्या भोंग्यांखाली काढलेला माणूस. ते हनुवटी वाद्यावर दाबून धरायचे, हाडातून ऐकू येतं म्हणून.

सप्टेंबरात सृष्टीनं मला तालमीनंतर थांबवलं.

"सर, काकांचं काय करायचं?"

"काय झालं?"

"तुम्हाला माहितीये काय झालं. बाकीचे तुमच्यासमोर बोलत नाहीत म्हणून मी बोलते. रेकॉर्डिंग होणार आहे. तुम्ही त्यांच्याशी बोला."

"बोलतो," मी म्हणालो.

मी बोललो नाही. पुढच्या रविवारी बोलेन, असं तीन रविवार झालं. त्या पायरीवर बसलेल्या माणसाला, जो माझ्या एका वाक्यावर अडुसष्टाव्या वर्षी नवं वाद्य शिकला, त्याला मी काय सांगणार? आणि व्हायोला वाजवायलाही मग कुणी उरत नव्हतं. अशी सगळी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण एवढंच होतं की मला ते वाक्य तोंडानं उच्चारायचं नव्हतं. मग मी एक चतुराई केली.

वाद्याच्या तारेवर बोट कुठं ठेवलं यावर सूर चढतो किंवा उतरतो. पण बोट ठेवलंच नाही, नुसती मोकळी तार वाजवली, तर चुकायला जागा नाही. वाद्य सुरात लावलेलं असलं की झालं. व्हायोलाच्या चार मोकळ्या तारा असतात. मूळ तुकडा ज्या पट्टीत होता तिथं त्या तारांचा मला उपयोग नव्हता. म्हणून मी अख्खा तुकडा अर्ध्या स्वरानं खाली घेतला. चौदा जणांचे कागद पुन्हा लिहिले. मुख्य सुरावट काढून चेलोला, गुडघ्यांत धरून वाजवायच्या त्या मोठ्या वाद्याला, दिली. आणि व्हायोलाला दिले फक्त लांब धरायचे स्वर. डी, ए, जी. तिन्ही मोकळ्या तारा. पाच मिनिटांत त्यांना एकदाही बोट टेकवायला लागू नये अशी मी तजवीज केली. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, एका माणसाशी दोन मिनिटं बोलायचं टाळण्यासाठी मी एवढे कागद लिहिले.

वृंदाला सांगितलं, या पट्टीत तारवाद्यं जास्त खुलतात. ते खरंही आहे. कुणी काही विचारलं नाही. सृष्टीनं नवा कागद पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं आणि व्हायोलिनचा गज घट्ट करायला लागली.

काकांना मी बाजूला घेतलं. नवा कागद दिला.

"थोडा बदल केलाय, काका. तुम्हाला पेडल केलंय."

"पेडल म्हंजे?"

मी त्यांना पेडलचं सगळं समजावून सांगितलं. स्वर साचणं, रेंगाळणं, ते नसलं तर सगळं कसं कोरडं पडतं. मी चांगलं समजावतो, शिक्षक आहे. "सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे हे," असंही म्हणालो. "सुरावट कुणीही वाजवेल."

काका कागद बघत होते. लांबलचक गोल स्वर, एकाला एक बांधलेले, ओळीमागून ओळी.

"म्हंजे गाडी पुढं गेली तरी मागचा रुळाचा सेक्शन आपण धरून ठेवायचा," ते म्हणाले. "ती पार होईपर्यंत."

"अगदी बरोबर."

"समजलं," ते म्हणाले. जुना कागद मी परत मागायला हवा होता, तोही मागितला नाही.

कार्यक्रम चांगला झाला. हे मला लिहावंच लागेल. आम्ही इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. तालमीपासून काकांचा व्हायोला मीच सुरात लावून देत होतो, त्या दिवशीही लावला. पाच मिनिटं ते ताठ बसून गज ओढत होते, एकसारखा, न थरथरता. चेलोवर सुरावट सुरू झाली तेव्हा सभागृहात खोकणंसुद्धा थांबलं. पुण्याहून आलेल्या एका ज्येष्ठ वादकानं मंचामागं माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, ही मांडणी कुणाची? मी म्हणालो, माझी. त्यांनी स्वरलिपी मागितली. मी तरंगतच बाहेर व्हरांड्यात आलो.

व्हरांड्यात काका उभे होते आणि त्यांच्याभोवती पाच-सहा माणसं. सगळी त्यांच्याच वयाची, सगळ्यांच्या पायांत तसेच काळे बूट. मनमाडचे निवृत्त रेल्वेवाले. जीप करून आले होते. त्यांच्यात एक ठेंगणी बाई, नऊवारीत, हातात कापडी पिशवी. काकांनी ओळख करून दिली, "ही माझी मंडळी. कुसाबाई."

मी नमस्कार केला. तेवढ्यात त्यांच्यातला एक जण, गेणू की कायसं नाव, काकांना म्हणाला, "मोतीराम, लय भारी झालं. पण तुझं कधी आलं रे? तू तंबोरा धरला होता का?"

त्यात काही टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

काका म्हणाले, "मी पेडल होतो." आणि समजावून सांगायला लागले. माझीच वाक्यं. साचणं, रेंगाळणं, कोरडं पडणं. "सगळ्यात महत्त्वाचं काम असतं ते," त्यांनी सांगितलं. बाकीचे मान हलवत होते. सांगताना काका माझ्याकडं बघत नव्हते.

कुसाबाई मात्र माझ्याकडंच बघत होत्या. जरा बाजूला येऊन त्यांनी मला विचारलं, "सर, ते घरी वाजवायचे ते काय झालं?"

"कुठलं?"

"जून महिन्यापासून वाजवतायत. सकाळ-संध्याकाळ. आत्ता त्या मोठ्या वाद्यावर त्या पोरानं वाजवलं, ते." आणि त्यांनी ती सुरावट गुणगुणून दाखवली. हळू आवाजात, पिशवी छातीशी धरून. पहिली ओळ, दुसरी ओळ, मधला तो अवघड वळसा, जिथं सुरावट एका अंगठ्यातून दुसऱ्या अंगठ्यात जाते. सगळं बरोबर. ज्या बाईनं आयुष्यात पियानो पाहिला नसेल, तिला माझा तुकडा पाठ होता. "ह्यांनी सांगितलं होतं, मुख्य गाणं माझं हाय. म्हणून तर ही समदी माणसं आली."

मी काहीतरी पुटपुटलो, ऐनवेळी बदल करावा लागला, असं काही. कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि मी गेलो. पळालो, हा शब्द जास्त बरोबर होईल.

त्या संध्याकाळी घरी सगळे खूश होते. मनीषानं माझ्या आईला व्हिडिओ दाखवला. मी सांगितलं कुसाबाई काय म्हणाल्या ते. मनीषानं फोन खाली ठेवला.

"तू त्यांना ती सुरावट एकदा तरी वाजवायला लावली होतीस? ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये?"

"नाही."

"एकदाही?"

"त्यांचा सूर उतरतो, मनीषा. सगळ्यांना माहितीये."

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली.

तेव्हा ते माझ्या पूर्ण लक्षात आलं. मी त्यांना सुरावट दिली आणि ती काढून घेतली, आणि या दोन्हींच्या मधे मी ती त्यांच्याकडून कधी ऐकलीच नाही. माझ्याच घराच्या टेबलाशी बसून, कागदावर, मी निकाल लावला होता.

पुढच्या रविवारी काका पावणेनऊला पायरीवर होते. त्याच्या पुढच्याही. मी त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पायरी रिकामी होती. त्यांनी वृंदाचे सगळे कागद तपकिरी कागदात बांधून, वर माझं नाव घालून वॉचमनकडं शनिवारीच ठेवले होते. म्हणजे एवढ्यासाठी ते शनिवारी मनमाडहून आले होते, मी नसेन अशा दिवशी. गठ्ठ्यात सगळे कागद होते. जूनचा तो एक नव्हता.

मी फोन केला नाही. सृष्टीनं विचारलं तर म्हणालो, तब्येत बरी नसेल. पुण्याहून स्वरलिपीसाठी दोनदा निरोप आला, तीही मी पाठवली नाही. फाइल उघडली की व्हायोलाच्या त्या ओळी दिसायच्या. जाणकार माणूस ती पानं बघताच ओळखणार होता. नवशिक्या मुलांना पहिल्या आठवड्यात देतात तसे नुसत्या मोकळ्या तारांचे स्वर. शाळेत मी स्वतः देतो. आणि हे मला जितकं कळतं तितकंच पन्नास वर्षं वाजवणाऱ्या माणसाला कळलं असणार, कागद हातात घेतल्या घेतल्या. मी पेडलवर प्रवचन देत असताना ते कागद बघत होते.

मार्चमध्ये मनीषा म्हणाली, "तू मनमाडला जा, नाहीतर त्यांचं नाव घेणं बंद कर." मी एका शनिवारी गेलो.

त्यांचं घर स्टेशनच्या पलीकडं, दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचा आडोसा. काका एका जुन्या पंख्याचं वायंडिंग करत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुसली. कुसाबाई आतून आल्या, मला पाहिलं आणि आत गेल्या.

मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काहीच बोललो नाही. म्हणालो, "काका, पेडल वगैरे मी बनवून सांगितलं. तुमचा सूर उतरतो म्हणून मी सुरावट काढून घेतली. ते तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून पट्टी बदलली, तुम्हाला मोकळ्या तारा दिल्या."

काकांनी हातातली तांब्याची तार वर्तमानपत्रावर ठेवली.

"मोकळ्या तारा मला त्याच टायमाला कळल्या," ते म्हणाले. "आमचे ड्रायव्हरसाहेब पहिला हप्ताभर तेच द्यायचे."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"मी काय बोलू? तुम्ही मास्तर." मग म्हणाले, "सर, रेल्वेत आमची मेडिकल व्हायची. कान तपासायचे. मी चोपन्नाव्या वर्षी फेल झालो. डॉक्टरनं समोर बसवलं, म्हणाला, अहिरे, आता लायनीवर जायचं नाय, पाठीमागून गाडी आली तर तुम्हाला ऐकू येणार नाय. मला स्टोअरला टाकलं. वाईट वाटलं. पण लाज नाय वाटली. कान गेला तर गेला, त्यात माझी काय चूक? तुम्ही मला सांगितलं आसतं, अहिरे, जमत नाय, तर मी घरी आलो आसतो. गुपचूप. पण तुम्ही मला ते पेडलचं सांगितलं, आणि मी ते पाच माणसांत बोललो. खोटं हाय हे माहीत आसून बोललो. का तर तुमचं नाव खराब होऊ नये. माझ्या बायकोसमोर बोललो. त्याची लाज वाटली मला."

मी खाली बघत होतो. फरशीवर तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे पडले होते. कुसाबाईंनी चहा आणून ठेवला. माझ्या समोर ठेवला, हातात दिला नाही.

"ती सुरावट मला ऐकवाल?" मी विचारलं.

त्यांनी फरशीवरचे तारेचे तुकडे गोळा केले. मग आत गेले आणि व्हायोला घेऊन आले. सुरात त्यांनी स्वतःच लावला, मला लावू दिला नाही. जूनचा तो कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला चिमट्यानं अडकवला. पेन्सिलीनं लिहिलेलं नाव पुसट झालं होतं. मग ते वाजवायला लागले.

मला खोटं लिहायचं नाही. सूर उतरत होता. वरच्या तारेवर जास्त, इतका की त्या वळशापाशी मला दात आवळावे लागले. पण कुठल्या वाक्यात थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठं पुढं रेटायचं आणि कुठं रेंगाळायचं, हे त्यांना आमच्या चेलोवाल्यापेक्षा, आणि माझ्यापेक्षाही, जास्त कळलं होतं. पाच महिने रोज दोन वेळा त्या कागदाबरोबर राहिलेल्या माणसाचं ते वाजवणं होतं. मी ते सप्टेंबरमध्ये ऐकलं असतं तर सगळ्या वृंदाला ऐकवलं असतं, असं वाजवा म्हणून. आणि तरीही मुख्य सुरावट त्यांना देता आली नसती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मला त्या दोन्ही त्यांना सांगता आल्या असत्या.

गज खाली घेऊन त्यांनी विचारलं, "उतरतोय?"

"हो."

"किती?"

"वरच्या तारेवर बराच. खालच्या दोन तारांवर जवळजवळ नाही."

"हां," ते म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "खालचं ऐकू येतं मला अजून. वरचं जातं."

मग आम्ही तपासलं. मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो आणि ते एकेक स्वर वाजवत गेले, मी 'बरोबर', 'खाली', 'बरोबर' म्हणत गेलो. त्यांनी पंख्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खुणा केल्या. अर्धा तास लागला. शेवटी दोन तारांवरचे नऊ-दहा स्वर असे निघाले की जिथं त्यांचं बोट स्वतःच्या कानानं जागा शोधत होतं. मी म्हणालो, एवढ्या स्वरांत मी तुमच्यासाठी काही बसवलं तर? तुम्ही आणि मी, दोघांनी वाजवण्यासाठी. वृंदासाठी नाही.

"मोकळ्या तारा?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"बघू," ते म्हणाले. "वृंदात नाय येणार मी आता. तिथं गाडी फास्ट झाली. ते सोडा."

स्टेशनपर्यंत ते सोडायला आले नाहीत. त्यांनी यावं असं मला वाटलं होतं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत मी सगळ्यांसमोर सांगितलं, पट्टी का बदलली ते. सृष्टी शेवटी म्हणाली, "मला वाटलं तुम्ही त्यांच्याशी बोलला असाल, म्हणून ते एवढे शांत आहेत." मग म्हणाली, "मीही विचारायला हवं होतं." त्या दिवशी आमची तालीम काही लागली नाही. अकराच्या आतच आम्ही वाद्यं बांधली.

मग मी दुसरा एक तुकडा घेतला, अगदी लहान, त्याच काळातला, आणि त्या नऊ-दहा स्वरांत व्हायोलाची बाजू बसवायला लागलो. इतकं अवघड काम मी याआधी केलं नव्हतं. दहा बोटांचं संगीत दोन तारांच्या त्या तुकड्यात मावेना. कितीदा तरी वाटलं, एखादा वरचा स्वर टाकू, त्यांना काय कळतंय. असं वाटलं की मी उठून बाहेर फिरून यायचो. मे महिन्यात पूर्ण झालं, पोस्टानं पाठवलं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. हालहवाल काही नाही.

"मिळालं. चौथ्या ओळीत दुसरा स्वर मला येत नाय ऐकू. आंधळ्यासारखं बोट टाकावं लागतं. तो बदला."

मी बदलला. मग त्यांनी आणखी दोन सांगितले. तेही बदलले. तिसऱ्यांदा म्हणाले, सहावी ओळ फार सोपी झाली, तुम्ही परत घाबरला. मी कागद पाहिला. खरंच घाबरलो होतो. ती ओळ पुन्हा लिहिली.

महिन्यातून एकदा आता मी मनमाडला जातो, व्हायोलिन घेऊन. आम्ही तासभर वाजवतो. सूर उतरला की मी थांबून सांगतो आणि माझी लय सुटली की ते बोट वर करतात. ते अजून मला सर म्हणतात. कुसाबाई माझ्याशी बोलत नाहीत. चहा आणून ठेवतात आणि आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकतात.